सुतकातली फुलं

"आधी नुसता हात फिरवायचा. मग थांबायचं. मग खुडायचं. झोपलेल्या माणसाला कुणी हिसका देऊन उठवतं का?"

माईंना, म्हणजे सासूबाईंना, जाऊन पुष्कळ वर्षं झाली होती. पण पहाटे आंघोळ करून, ओल्या केसांना पंचा गुंडाळून कुमुद परसात उतरली की पहिल्या झाडाशी तो आवाज यायचाच. मग ती सदाफुलींच्या ओळीवरून हात फिरवत जायची, पानं जेमतेम हलतील इतका हलका. शेवटच्या झाडापाशी पोचली की तुळशीच्या कट्ट्यावर बसून एक माळ जप करायचा. मग पुन्हा पहिल्या झाडापासून फुलं खुडायची, कळीला धक्का लागू न देता. फुलं देवाला वाहून होईपर्यंत कुणाशी बोलायचं नाही, हा नेम मात्र माईंचा नव्हे, तिचा स्वतःचा.

"हा नेम फार चांगला आहे हो, ताई," धाकटी जाऊ हेमा म्हणायची. "सकाळचा पहिला चहा तरी मला उपदेशाशिवाय मिळतो."

कुमुद हसायची. उपदेश ती कधीच करत नसे, आणि हेमालाही ते ठाऊक होतं.

देवरुखच्या त्या आळीत मुळ्ये बंधूंची दोन घरं एकमेकांना काटकोनात उभी होती आणि मधे एकच परस. थोरले गेले, कुमुद एकटी राहिली. धाकटे मुकुंद आणि हेमा समोरच्या घरात. हेमा हायस्कुलात विज्ञान शिकवून निवृत्त झालेली. देवाला तिचा विरोध नव्हता. "त्यांनी मला काही विचारलं नाही, मी त्यांना काही विचारत नाही," एवढाच तिचा आणि देवाचा व्यवहार. दोन जावांत भांडण असं कधी झालं नाही. टोमणे मात्र रोजचे, आणि ते एकीकडूनच.

मग हेमाला रक्ताचा कर्करोग झाला.

पहिली औषधं लागू पडली आणि काही महिन्यांनी रोग परतला. दुसरी औषधं दिली, पुन्हा परतला. अस्थिमज्जा बदलायला शरीर आता झेपणार नाही, असं रत्नागिरीच्या डॉक्टरांनी पडद्यावरून सांगितलं. हेमाच्या दंडावर नखाएवढी चकती चिकटवलेली असे. ती दिवसभर रक्तातल्या पेशी मोजून आकडे दवाखान्यात पाठवी. ते आकडे मुकुंदरावांच्या फोनवरही येत. एके दिवशी त्यांनी ते पाहायचं सोडून दिलं. कुमुदला त्यावरूनच कळलं.

शाल्मली गोठणकर आली ती अशा दिवसांत, आपल्या बाईंना भेटायला. हेमाची ही एकेकाळची विद्यार्थिनी आता घाटाच्या पायथ्याशी असलेल्या वनौषधी संशोधन केंद्रात होती. गप्पा झाल्या, पोहे झाले. निघताना पायरीवर ती चपला घालत होती, आणि पानातली द्रव्यं ओळखणारा, पेनासारखा पानवाचक पर्समधून काढून तिनं सहज, चाळा म्हणून, बाजूच्या सदाफुलीच्या पानाला टेकवला.

तिनं एक चप्पल तशीच सोडली.

"काकू, या झाडांना काय घालता?"

"पाणी," कुमुद म्हणाली. "आणि ताकाचं भांडं विसळलेलं, कधीतरी."

शाल्मली ओळीतल्या प्रत्येक झाडापाशी उकिडवी बसत शेवटपर्यंत गेली. परत आली तेव्हा तिच्या साडीच्या निऱ्यांना माती लागली होती आणि डोळ्यांत पाणी होतं. हेमा खिडकीतून ओरडली, "शालू, रडायला काय झालं? मी अजून आहे!"

सदाफुलीपासून रक्ताच्या कर्करोगावर औषध निघतं, ही गोष्ट नवी नव्हती. कितीतरी लहान मुलं त्या औषधानं वाचली होती. अडचण अशी की झाड ते फार थोडं बनवतं. गाडीभर पानं घ्यावीत तेव्हा चिमूटभर हाती लागतं. ते औषध दोन अर्ध्या रेणूंचं बनतं. एक अर्धा पानाच्या वरच्या मेणात राहतो, दुसरा आतल्या पेशींत. पान एकच, पण दोघांच्या खोल्या वेगळ्या, आणि मधलं दार बहुधा बंदच. कुमुदच्या परसात ते दार उघडलेलं होतं. दोन्ही अर्धे भरपूर जुळत होते, आणि जुळतही होते एका नव्याच तऱ्हेनं. हा जोडरेणू रोगट पेशीला विभागूच देत नव्हता आणि चांगल्या पेशींना जवळजवळ हात लावत नव्हता. असा रेणू कुणी पाहिला नव्हता.

"एका घरात दोन चुली, आणि तरी जमतं," हेमानं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "नाव ठेव 'जावा'."

केंद्राच्या कागदांत त्याचं लांबलचक वेगळं नाव पडलं. पण शाल्मलीसकट सगळे त्याला जावाच म्हणू लागले.

चाचण्या, परवानग्या यांत वर्ष गेलं. ज्यांच्यापुढे दुसरा उपाय उरला नव्हता अशा मोजक्या रुग्णांना ते द्यायचं ठरलं, आणि त्यांत हेमा होती. केंद्रात मात्र एक कोडं सुटेना. कुमुदच्या झाडांच्या फांद्या नेऊन तिथे लावल्या की आठवड्याभरात त्यांतला जावा नाहीसा होई. माती नेऊन पाहिली, विहिरीचं पाणी नेऊन पाहिलं. शेवटी परसातल्या झाडांचीच पानं घ्यायची, असं ठरलं. वाफे वाढवले, सदाफुली कुंपणापर्यंत गेली. कुमुदची पहाटेची फेरी लांबली, तिची काही तक्रार नव्हती.

सुरुवातीला पानं न्यायला केंद्रातले तांबेमामा यायचे. मागच्या पडवीत बसून चहा घ्यायचे, "काकू, यंदा फुलं भारी," म्हणायचे. मग मामा निवृत्त झाले आणि दर बुधवारी चालकाविना चालणारी एक बुटकी गाडी येऊ लागली. फाटकाशी उभी राहायची, दोन बारीक हात बाहेर काढून ठरल्या झाडांची ठरली पानं कापायची, झाकण लावून निघून जायची. हेमानं तिचं नाव डबा ठेवलं.

औषध लागू पडलं. हे वाक्य लिहायला सोपं आहे. कुमुदनं ते असं पाहिलं: एका सकाळी ती फुलं खुडत असताना समोरचं दार उघडलं आणि हेमा स्वतःच्या पायांनी तीन पायऱ्या उतरून परसात आली. डोक्यावर नवे, लहान बाळासारखे केस. कुमुदला बोलायचं नव्हतं, मौन होतं. ती परडी धरून नुसती उभी राहिली.

"बोलू नका, बोलू नका," हेमा म्हणाली. "मीच बोलते. मुकुंदरावांनी काल माझ्या हातची भाजी खाऊन मीठ कमी आहे म्हटलं. वर्षानंतर पहिल्यांदा नाव ठेवलं हो! म्हणजे मी जगणार." मग परडीत बोट घालून म्हणाली, "फुलं तुमच्या देवाला, पानं मला. बघा, शेवटी आम्ही एकाच ताटात जेवायला बसलो."

त्या दिवशी देवापुढे कुमुदला जप सुचला नाही. ती नुसती बसून राहिली.

भाद्रपद सरत आला असताना इंदूरहून फोन आला. भाऊबंदातले दत्तोपंत गेले. मुकुंदरावांचे चुलत चुलतभाऊ. देवरुखला ते शेवटचे आले त्याला एक पिढी झाली होती. आताशा असल्या सुतकाला कुणी विचारत नसे. फोनवर दोन हात जोडलेली चित्रं पाठवली की झालं.

कुमुदनं देवांवर स्वच्छ वस्त्र घातलं आणि परडी खुंटीला अडकवली.

"धन्य आहे," हेमा खिडकीतून म्हणाली. "त्या माणसानं जिवंतपणी आपल्याकडे पाणी मागितलं नाही, आणि मेल्यावर दहा दिवस घेतो."

"घेईनात. गेलेल्या माणसासाठी एवढं तरी."

"मग माझ्या दुखण्यालाही सुतक. दहा दिवस मी आजारी नाही."

दुसऱ्या दिवशी सवयीनं कुमुद पहाटे उठली. आंघोळ केली. दारापर्यंत गेली आणि थांबली. देवाला वाहायची नाहीत तर खुडायची कशाला? उगीच झाडाला इजा. हात फिरवून यावं असं एकदा मनात आलं, पण हात फिरवायचा तो खुडण्याआधी. खुडायचंच नाही तर झोपमोड तरी कशाला करायची? ती मागे वळली.

चार-पाच दिवसांत परस ओळखू येईनासं झालं. रोज पहाटे मोकळी होणारी झाडं, त्यांच्यावर फुलांचे थर चढले. पांढरी, गुलाबी, मधे तांबडा ठिपका असलेली. खालची फुलं गळून वाफ्यांत सडा पडायचा, वर नवी उमलायची. हेमानं खुर्ची खिडकीशी ओढून घेतली आणि चहा, पेपर, जेवण, सगळं तिथेच करू लागली.

"ताई, या घरात आल्यापासून मी फुलं झाडावर पाहिली नव्हती हो," ती म्हणाली. "नेहमी परडीत, नाहीतर देवाच्या डोक्यावर. किती सुंदर आहे हे! असू द्या थोडे दिवस. झाडांनाही रजा मिळू दे."

बुधवारी डबा आला. फुलांनी लगडलेल्या फांद्या त्याच्या हातांनी हलकेच बाजूला सारल्या, पानं कापली, झाकण लागलं. तांबेमामा असते तर पडवीत बसता बसता म्हणाले असते, काकू, फुलं का नाही खुडली? डब्याला फुलं दिसत होती. विचारायचं त्याला कुणी शिकवलं नव्हतं.

सुतक फिटलं. कुमुदनं देव धुतले, परडी काढली, नेम पुन्हा सुरू झाला.

त्या दहा दिवसांत नेलेल्या पानांचं औषध पुढच्या महिन्यात रुग्णांना गेलं. त्याच्या पुढच्या महिन्यात हेमाच्या दंडावरच्या चकतीनं पाठवलेले आकडे मुकुंदरावांनी पाहिले, चष्मा पुसला आणि पुन्हा पाहिले.

शाल्मली आली ती पोहे खायला नव्हे. तिच्याबरोबर तपासणीच्या सामानाच्या दोन पेट्या होत्या. मागच्या पडवीत तिघी बसल्या. हेमा उशीला टेकून आरामखुर्चीत.

"बाई, एका खेपेचं औषध फसलं. तुमचंच नाही, सगळ्यांचं. तपासणीत ते पास झालं होतं, हीच तर..." मग तिनं पायातल्या दोन्ही चपला काढून समोर ठेवल्या. "उजवी आणि डावी. तराजूत घातल्या तर वजन सारखं भरेल. आमचं यंत्र वजनावरून रेणू ओळखायचं. त्या खेपेत पानांनी जावा बनवलाच नव्हता. पानं वाळताना दोन अर्धे आपापसांत कसेतरी चिकटले, उलटे. यंत्राला वाटलं, चपला आहेत, पुरेत. पण उजव्या पायात डावी..."

"चालता येत नाही," हेमा म्हणाली. "पुढे?"

"महिनाभर रोगाला मोकळीक मिळाली. तुमच्या उरल्यासुरल्या पेशी तेवढ्यात बदलल्या. आता चांगल्या औषधालाही त्या ओळखू येत नाहीत. बाकीच्यांचं अजून हाताबाहेर गेलेलं नाही." ती कुमुदकडे वळली. "काकू, ती पानं भाद्रपद सरतानाची. त्या आठवड्यात परसात काय वेगळं झालं? पाणी बदललं? फवारणी? शेजारी काही जाळलं?"

कुमुदनं आठवून पाहिलं. खरंच आठवून पाहिलं. "काही नाही ग. काहीसुद्धा केलं नाही."

हेमा आरामखुर्चीतून परसाकडे बघत होती. सकाळीच खुडून झालेली मोकळी, हिरवी झाडं. बघता बघता तिचा चेहरा बदलला. कुमुदला वाटलं, कळ आली. ती उठायला लागली तर हेमानं हात करून तिला बसवलं.

"शालू, आत जाऊन मुकुंदरावांना चहा टाकायला सांग. तूही थांब तिथे, नाहीतर साखर विसरतील."

शाल्मली गेली. हेमा उशी सोडून पुढे सरकली.

"ताई, मी हे गिळलं असतं," ती म्हणाली. "तुम्हाला कधी कळू दिलं नसतं. पण बाकीचे रुग्ण आहेत ना. ती लातूरची पोलीसबाई आहे, तिची मुलगी यंदा दहावीला. पुन्हा असं व्हायला नको."

"काय गिळलं असतं?"

"तुम्ही बरोबर सांगितलंत. त्या आठवड्यात तुम्ही काहीसुद्धा केलं नाहीत." तिनं कुमुदचा हात धरला. "ताई, फुलं. सुतक होतं."

कुमुदला एकदम समजलं नाही. मग समजलं. परस, पडवी, समोरच्या चपला, सगळं आपापल्या जागी होतं, आणि ती त्याच्याकडे बघत राहिली.

"माझ्या नेमानं..."

"नेमानं नाही. नेमानं तर मी वर्षभर जगले." हेमाचा आवाज शाळेत असे तसा झाला. "आणि झाडांना रजा द्या म्हणून कोण म्हणालं होतं? मी. विज्ञान शिकवायची मी, आणि खिडकीत बसून दहा दिवस नुसती शोभा बघत होते."

चहा आला तेव्हा दोघींपैकी कुणीच तो घेतला नाही.

हेमानं शाल्मलीलाही ते सांगितलं. पुढच्या आठवड्यात शाल्मलीनं चार झाडांच्या पानांवर सायीइतका पातळ पडदा चढवला. झाडात आत जी हालचाल होते ती त्या पडद्यावर उजेड होऊन दिसे. पहाटे अंधुक असताना कुमुदनं नेहमीसारखं करायचं होतं. तिनं पहिल्या झाडावरून हात फिरवला. बोट लागलं तिथून हिरवट उजेडाची लाट उठली, देठातून खोडात उतरली, दुसऱ्या फांदीवर चढली आणि टोकाच्या पानापर्यंत जाऊन विझली. झाड पुन्हा काळोखं झालं. कुमुद कट्ट्यावर बसून जप करू लागली. माळ पुरी झाली, तिनं पहिलं फूल खुडलं. या वेळी लाट उठली ती विझेचना. अख्खं झाड उजळून राहिलं.

शाल्मलीनं मग समजावून सांगितलं. झाडाला मज्जातंतू नसतात, पण स्पर्श कळतो. हलका स्पर्श झाला की ते सावध होतं. कुणीतरी खायला येणार, एवढं त्याला कळतं. त्यानंतर लगेच ओरबाडलं तर ते घाबरून मिळेल ते वापरतं. फार उशीर केला तर सावधपणा विसरतं. मधे नेमका वेळ गेला आणि मग जखम झाली, तरच पानातलं ते दार उघडतं आणि दोन्ही अर्धे नीट, सुलटे जुळतात. तेही एखाद्या दिवशी करून भागत नाही. रोज व्हावं लागतं. चार दिवस खंड पडला की झाड सगळं विसरून जातं. केंद्रातली यंत्रं पानं कापत होती, पण त्याआधी झाडाला हात लावावा आणि थांबावं, हे कुणाच्या मनात आलं नव्हतं.

"तुमच्या सासूबाईंना हे कसं कळलं असेल?" शाल्मलीनं विचारलं.

मौन सुटायचं होतं. कुमुदनं आत जाऊन फुलं वाहिली आणि बाहेर येऊन सांगितलं, "त्यांना काही कळलेलं नव्हतं. त्यांना एवढंच वाटायचं की कुणाला ओरबाडू नये."

केंद्रानं यंत्रांना नवी रीत शिकवायला घेतली. पण नव्या रोपांत जावा धरायला आणि तो तपासून पास व्हायला पावसाळा उजाडणार होता. तोवर कुमुदचं परस होतं, आणि बुधवारचा डबा.

हेमाला आता त्याचा उपयोग नव्हता. ती हे इतक्या सहज बोलायची की मुकुंदराव उठून बाहेर जायचे.

कुमुद दुपारी तिच्या उशाशी बसायची. बोलणं हेमाचं, ऐकणं हिचं, तसंच चाललं होतं. एकदा मात्र कुमुदच बोलली.

"मी रोज त्याच्यापुढे बसते. इतकी वर्षं. त्यानं मला एक दिवस सुचवायचं होतं, की बाई, खुड."

"तुमच्या देवाला रसायनशास्त्र कुठे येतं?" हेमा म्हणाली. मग तिला कुमुदचा चेहरा दिसला आणि तिनं थट्टा सोडली. "ताई, तुम्ही आणि मी एका परसात उभं आयुष्य काढलं. मी तुमच्या नेमाची थट्टा केली, तुम्ही माझ्या विज्ञानाला हात जोडलेत. एकदा तरी मी विचारायला हवं होतं, ताई, आधी हात का फिरवता? एकदा तरी तुम्ही विचारायला हवं होतं, हेमा, या पानांना काय होतं? दोन खोल्या, मधलं दार बंद. मी नाव बरोबर ठेवलं होतं बघा."

बाहेर फाटकाशी डब्याचे हात आत गेले, झाकण लागलं. दोघी तो आवाज ऐकत राहिल्या.

"काहीतरी मागू?"

"माग."

"आधी ऐका, मग रागवा. मी गेले की सुतक येईल."

"हेमा!"

"ऐका म्हटलं ना? पोलीसबाईचे आकडे परवा सुधारले. शालूनं दाखवले. दहा दिवस खंड पडला तर तिचं माझ्यासारखं होईल. तुम्ही खुडायची. माझ्या सुतकात. पहिल्या दिवसापासून."

कुमुदनं तिचं पांघरूण सारखं केलं.

"शालूची माणसं येतील की," ती पुटपुटली.

"येतील, आणि ओरबाडतील. रोपं त्यांचा हात ओळखेपर्यंत महिना जाईल. ताई, नियम वाहण्याचा आहे ना? वाहू नका. नुसती खुडा."

"मग त्या फुलांचं काय करू? टाकू?"

"माझ्या खिडकीत ठेवा," हेमा म्हणाली. "देवाला सुतक चालत नाही. मला चालतं."

कुमुदनं आयुष्यात शब्द थोडे दिले होते. दिलेला मोडलेला तिला आठवत नव्हता. तिनं हेमाच्या डोक्यावरून, त्या आखूड मऊ केसांवरून, हलकेच हात फिरवला. मग थांबली. भिंतीवरच्या घड्याळाचा काटा सरकताना ऐकू येत होता.

"खुडेन," ती म्हणाली.

हेमा माघ संपता संपता गेली, दुपारी, मुकुंदराव तिला शब्दकोडं वाचून दाखवत असताना. एका शब्दावर अडले म्हणून त्यांनी वर पाहिलं.

सांगलीहून नणंद, वसुधाताई आल्या. रडून झालं, माणसं येऊन गेली. हेमाच्या खोलीत, ती होती तिथे जमिनीवर, पिठावर दिवा ठेवला. कुमुदनं आपल्या घरी देवांवर वस्त्र घातलं.

दुसऱ्या दिवशी बुधवार होता.

पहाटे कुमुद उठली. आंघोळ केली, केसांना पंचा गुंडाळला. देवघराच्या दाराशी उभी राहिली, आत गेली नाही. वस्त्राखालच्या त्या लहानशा उंचवट्याला तिनं तिथूनच नमस्कार केला. मागितलं काही नाही. क्षमासुद्धा नाही, कारण कशाची मागावी ते तिला अजून नक्की ठरवता येत नव्हतं. मग तिनं खुंटीवरची परडी काढली.

समोरच्या पडवीत वसुधाताई शाल पांघरून बसल्या होत्या. त्यांनाही झोप लागली नसावी.

"अग वहिनी," त्या दचकून म्हणाल्या, "परडी कुठे घेऊन चाललीस? सुतक आहे ना आपल्याला? आणि तू? तूच?"

कुमुद थांबली. आज बोलायला हरकत नव्हती. फुलं देवाला जायची नव्हती, तेव्हा मौनही नव्हतं. पण तिनं परडी नुसती पोटाशी धरली.

आतून, दिव्यापाशी बसलेले मुकुंदराव उठले. त्यांनी हेमाची खिडकी उघडली, दोन्ही दारं भिंतीला टेकेपर्यंत. उंबऱ्यासारख्या रुंद चौकटीवरची औषधाची बाटली, चष्म्याचं घर, शब्दकोड्याचा पेपर त्यांनी एकेक करून उचलला आणि जागा मोकळी केली.

"जाऊ दे वहिनीला, ताई," ते म्हणाले. "तिला उशीर होतोय."

कुमुद पायरी उतरली. पायाखाली दव होतं. पहिल्या झाडाशी ती उभी राहिली आणि वाट पाहू लागली, आज तो आवाज काय म्हणतो याची. आवाज आला. नेहमीचाच. आधी नुसता हात फिरवायचा, मग थांबायचं, मग खुडायचं. कधी खुडू नये, हे माईंनी कधी सांगितलंच नव्हतं.

तिनं परडी डाव्या हातात घेतली आणि उजवा हात पुढे केला.